देऊ का गं?

"देऊ का गं?" असं विचारताना त्यांचा हात माउसवर आणि मान स्वयंपाकघराकडे वळलेली असे.

मुलांनो, आपल्या मुलुंडच्या घरासमोर राहणारे आजोबा तुम्हाला आठवतच असतील. जुने फोटो स्कॅन करायचा त्यांना नाद होता. स्कॅनरचा प्रोग्राम उघडला की पडदा काळवंडायचा आणि मधोमध पाटी यायची: याला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? तुम्ही-आम्ही न वाचताच 'हो' दाबतो. ते बायकोला विचारत. तिनं कॉम्प्युटरला कधी बोटही लावलं नव्हतं. पोळी लाटता लाटता ती म्हणे, "द्या. पण नाव वाचून द्या."

आमची दोन्ही दारं दिवसभर उघडी असत, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

एकदा ती माझ्याबरोबर भाजी घेत असताना त्यांचा फोन आला. पाटी आली होती म्हणे. तिनं परवानगी दिली आणि भेंडी निवडत मला म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला विचारलं नव्हतं, ते आता फेडतायत."

गेल्या वर्षी ती अचानक गेली. काही दिवसांनी ते माझ्याकडे आले. तिचे फोटो स्कॅन करायचे होते, पण पाटी आली की तोंडून हाक निघायची, आणि ते 'नाही' दाबून उठायचे. ते विचारणं कायमचं बंद करून हवं होतं.

मी समजावलं, ती पाटी सुरक्षेसाठी असते. नाहीतर कुठलाही प्रोग्राम न विचारता आत शिरेल.

"शिरू दे, वहिनी. आता घरात जपायचं काय राहिलंय?"

मी सेटिंग उघडून तिथली सरकपट्टी पार तळाला ओढली, आणि ती पाटी येणं बंद झालं.

आठवड्याभरात ते पुन्हा दारात उभे. फोटो होतायत का, मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली, पण आत येईनात.

"ते परत चालू करून द्या. दिवसभरात तिला एक हाक जायची, तीही थांबली."

मी सरकपट्टी पुन्हा जागेवर नेली. त्या संध्याकाळी समोरून ऐकू आलं, "देऊ का गं?" मग स्कॅनरची घरघर.

या दिवाळीआधी तेही गेले. दाराला कुलूप आहे.

परवा तुम्ही सांगितलेला प्रोग्राम घालताना माझाही पडदा काळवंडला. तुम्ही फोनवर म्हणत होतात, "आजी, दाब ना, कशासाठी थांबलीस?"

मी नाव वाचलं होतं, बाळांनो. समोरून कुणी 'द्या' म्हणतंय का, तेवढं ऐकत होते.