उगवतीकडची पिन

आप्पांना डावं-उजवं कळत नव्हतं असं नाही, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. "ती पक्कड जरा दक्षिणेकडं सरकव," म्हणायचे. डब्यातली चटणीसुद्धा भाकरीच्या उत्तरेला असायची. एकदा दोन्ही हात कामात अडकलेले असताना मला म्हणाले, "मावळतीकडच्या खिशातनं माझा चष्मा काढ बघू." मी खिडकी बघितली, सकाळचा सूर्य आठवला, हिशेब केला आणि चुकीच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली. आप्पा हसले नाहीत. त्यांना माझी खरोखर काळजी वाटली असावी.

आप्पा हुपरीचे. तरुणपणी चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचे, पुढे रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत शिरले आणि साठी उलटल्यावर कोल्हापुरात आमच्या गाळ्यात आले. आम्ही नदीच्या पाण्यावर नजर ठेवणारे कॅमेरे बनवतो. शिरोळकडच्या पुलांवर ते बसतात. पाणी चढायला लागलं की गावाला वेळेत कळावं, एवढाच त्यांचा उपयोग. त्यातल्या बोर्डावर केसासारख्या वायरी जोडायचं काम आप्पांचं. माणसंही ते तशीच सावकाश जोडत. नवा माणूस सहा महिने 'पावणं' असायचा आणि मग एके दिवशी न सांगता 'लेका' व्हायचा. मी लेका झालो त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं होतं. आईला त्यातलं काही कळलं नाही.

माझं काम प्रोग्रॅमचं. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. सेन्सरला जागं करणारी वायर कुठल्या पिनेला आहे, हे आमच्या ड्रायव्हरच्या पोटातच लिहिलेलं होतं. बोर्ड बदलला की ड्रायव्हरचं पोट फाडायचं. म्हणून मालकांनी सांगितलं, ही सगळी माहिती बाहेर काढून बोर्डाच्या वर्णनाची वेगळी फाइल कर आणि ड्रायव्हरला ती वाचायला शिकव. ते मी शिकवलं. पण त्या फाइलमध्ये लिहायचं काय, ते फक्त आप्पांच्या डोक्यात होतं. बोर्डाला चारी बाजूंनी पिना, आणि जोडणी झाल्यावर पाणी शिरू नये म्हणून वरून काळा लेप. तो फोडला तर बोर्डच जायचा.

"लिव," आप्पा म्हणाले. "जागं करायची वायर उगवतीकडं. झोपवायची मावळतीकडं."

मी एक तक्ताच केला. आप्पा बाकड्यावर बसून बोर्ड समोर कसा धरतात ते बघून लिहिलं: उगवत म्हणजे वरची बाजू, मावळत म्हणजे खालची, उत्तर डावी, दक्षिण उजवी. पहिले कॅमेरे नव्या फाइलवर एका झटक्यात सुरू झाले. तो तक्ता मी भिंतीला चिकटवला आणि आप्पांची भाषा मला येते, असं चारचौघांत सांगत सुटलो.

पुढे आम्ही उद्यमनगरातल्या मोठ्या शेडमध्ये गेलो. बोर्डही बदलला. आप्पांनी नवी जोडणी तशीच तोंडी सांगितली, मी तक्ता बघून लिहून घेतली. चार कॅमेरे तयार झाले आणि चारांतला एकही जागा होईना. मी ड्रायव्हर वाचला, उलटा वाचला, पुन्हा लिहिला. एक अक्षर चुकलेलं सापडेना. दोन आठवडे मी नुसता भांबावलेला होतो. पावसाळा तोंडावर आलेला, पुलाकडच्या गावांचे फोन चालू. शेवटी मालकांनी विचारलं, चूक कुणाची. मी म्हणालो, "फाइल बरोबर आहे. आप्पांचा हात चुकत असेल. वय झालंय." त्यातला 'असेल' कुणी ऐकला नाही.

मालकांनी आप्पांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, आता विश्रांती घ्या. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणं, तुमच्या कागदात माझं बाकडं कुठं हाय?"

मला कळेना. बाकड्याचा आणि कागदाचा काय संबंध? म्हातारा दुखावलाय, काहीतरी बोलतोय, असं वाटलं. 'पावणं' मात्र बरोबर लागलं. आप्पांनी टोपी घातली आणि ते गेले.

आठवड्याने एका सकाळी जागा रिकामी म्हणून मी आप्पांच्या बाकड्यावर बसलो. ऊन उजव्या कानावर आलं. जुन्या गाळ्यात हेच ऊन आप्पांच्या डोळ्यांत जायचं आणि ते रोज त्याला शिव्या घालायचे. तिथं बाकड्याचं तोंड उगवतीला होतं, इथं उत्तरेला. आप्पांची उगवत आता बोर्डाच्या उजव्या बाजूला होती, आणि माझ्या तक्त्यात ती अजून वरच होती. मी फाइलमधल्या मोजक्या ओळी बदलल्या. चारही कॅमेरे एकामागून एक जागे झाले.

मालकांना सगळं सांगितलं आणि हुपरीची एसटी धरली.

घरात सगळे पैंजणांवर बसलेले. आप्पांची सून गॅसच्या बत्तीने घुंगरं जोडत होती. आप्पा कोपऱ्यात लहानमोठी घुंगरं निवडून वाट्यांत टाकत होते. मोत्यासारखा जोड देणारा माणूस, तांदूळ निवडल्यासारखा बसला होता.

"या पावणं," ते म्हणाले.

मी अडखळत सगळं सांगितलं.

"कॅमेरं जागं झालं न्हवं?"

"झाले."

"मग झालं की."

"पण आप्पा, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"इचारलं की तुला. बाकडं कुठं हाय म्हणून."

मी म्हणालो, मालकांनी परत बोलावलंय. त्यांनी मान हलवली. "माझा जोड बरोबर हुता ते मला म्हायत हाय. मला सांगून काय उपेग? हिला सांग."

सून ओशाळली. "कोल्हापुरातनं हात चुकतोय म्हणून पाठवलं म्हटल्यावर आमी तरी बत्ती कशी द्यायची, सायब? लोकांची चांदी हाय."

मी तिला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी अडखळलो नाही. चूक माझी होती, आप्पांच्या हाताची नव्हती. तिनं ऐकून घेतलं, बत्ती बारीक केली आणि पाटावरून उठली. "मामंजी, बसा."

आप्पा बसले. चष्मा लावला, एक घुंगरू उचलून उजेडाकडे धरलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लेका, उत्तरेकडचा चिमटा दे."

दोन्ही बाजूंना चिमटे पडलेले होते. मी भिंती बघितल्या, खिडकी बघितली. मग पहिल्यांदाच तोंड उघडून विचारलं, "आप्पा, इथं उगवत कुठं?"

त्यांनी हनुवटीनं दाखवली.