चिऱ्याखालची पाचर

आमचं तोंडवलीचं घर मी स्वतः बांधलं, असं मी सांगायला लागलो की बायको उठून आत जाते. खरं बांधलं ते गावातल्या म्हाताऱ्या गवंडीकाकांनी. जांभ्याचे चिरे, सिमेंटऐवजी चुना-माती, वर कुणाच्या तरी मोडलेल्या घराची मंगळुरी कौलं. मी माती मळली, चिरे उचलून दिले आणि भाषणं केली.

भिंतीचा शेवटचा थर चालू होता. काका जेवायला गेले आणि मला हुक्की आली. चार चिरे मी बसवले. त्यातला एक डुगडुगला. काका असा चिरा उचलून तासायचे, बसवायचे, परत तासायचे. खाली पाचर मारणं त्यांच्या लेखी चोरीच. मी फुटक्या कौलाचा तुकडा खाली सारला, वरून माती लिंपली. चिरा बोटभर वर आला, म्हणून मापाचं सूतच बोटभर वर बांधलं. काका आले, एक डोळा मिटून सुतावरून पाहिलं, पसंतीची मान डोलावली. मी मनातल्या मनात स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

त्या चिऱ्यावर वासा आला, वाशावर रिपा, रिपांवर कौलं. तिथे कौलांची एक ओळ तोंड उघडून बसली. श्रावणात सत्यनारायण घातला, तर भटजींच्या डोक्यावर थेंब. मी लगेच उभा राहिलो आणि जाहीर केलं, की आमच्या गवंड्यांनी अभिषेकाची कायमची सोय करून दिली आहे. माणसं लोळायची बाकी राहिली. दारात प्रसादाचा द्रोण घेऊन उभे असलेले काकाही हसले.

निघताना मात्र हळूच म्हणाले, "माझे डोळे गेले, भाऊ. माका सूत सरळ दिसला होता."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. माझंच तोंड, जे एरवी मिटत नाही.

महिन्याभराने कळलं, देवळाच्या सभामंडपाचं काम काकांनी नाकारलं. त्या कामाची वाट ते कित्येक वर्षं बघत होते. मी धावत त्यांच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. सवयीने हातवारे करून, डुगडुगणाऱ्या चिऱ्याची नक्कलसुद्धा करून. काका हसले.

"तुमी नाटकवाले. माझ्या मनासाठी खोटा बोलतास."

शेवटी त्यांना घरी आणून शिडीवर चढवलं. शेजारच्या शिडीवरून मी खिळ्याने माती खरवडली. लाल तुकडा दिसला. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"आता सांगतास?"

सभामंडपाचा पाया तोवर दुसऱ्याच्या हाताने भरला होता.

त्यांनी मला कौलं उतरवायला लावली. वासा सोडवून चिरा खाली घेतला. मी तासणी पुढे केली, ती माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी स्वतः चिरा तासला, बसवला. आता तिथे थेंब येत नाही.

पूजेच्या दिवशी हसलेल्या प्रत्येकाला गाठून खरं सांगायचं मी ठरवलं होतं. तिघांना सांगितलं. तिघांनाही ते अभिषेकाइतकं आवडलं नाही.