तगरीवरच्या अळ्या

इकडे उत्तरेत, जानकीपुरमच्या आमच्या घरामागच्या बागेत मी उन्हाळाभर पतंगांची नोंद ठेवते. आकाशात उडवतात ते नव्हेत, दिव्यावर येतात ते. संध्याकाळी सासऱ्यांचं जुनं धोतर दोरीवर ताणायचं, समोर दिवा लावायचा आणि उजाडताच, बुलबुलांनी ताव मारायच्या आत, आलेले सगळे वहीत उतरवायचे. बुलबुल माझ्या आधी उठले की तोंडात शिव्याच येतात.

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला चार दिवस नागपूरला गेले. परतले तर बागेला औषधाचा उग्र दर्प. शेजारच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी पंपवाला बोलावून आपल्या झाडांवर फवारणी करून घेतली होती आणि उरलेलं औषध भिंतीवरून माझ्या बागेत मारायला लावलं होतं. पुढचे तीन आठवडे धोतर कोरं. मी तावातावाने विचारायला गेले, तर म्हणाले, "कीड़े ही तो थे, भाभीजी. आपके भले के लिए मरवा दिए."

माझ्या भल्यासाठी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "अगं, पतंगांपायी शेजार तोडतं का कोणी?" मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही. साहेबांचा जीव कशात आहे ते मला ठाऊक होतं. त्यांच्या चाँदनीच्या कुंपणात. चाँदनी म्हणजे आपली तगर. सुतळी बांधून, उंची बघून ते तिच्यावर कात्री चालवतात.

जूनमध्ये माझ्या गच्चीवरच्या कुंडीतल्या तगरीवर जाड हिरव्या अळ्या दिसल्या. तिथवर फवारा पोहोचला नव्हता. डोक्यामागे दोन निळे डोळे, अंगावर लांब पांढरी रेघ. छावणीतल्या गणवेशासारखी हिरवी नक्षी असलेल्या मोठ्या पतंगाच्या त्या अळ्या. पाच उन्हाळे मी त्याची वाट पाहत होते, एकदाही आला नव्हता. गप्प बसले असते, तर काही आठवड्यांत तो माझ्याच गच्चीवर कोशातून बाहेर पडला असता.

पण या अळ्या तगर कशी फस्त करतात, हेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी साहेब सकाळी फिरायला गेल्यावर मी सगळ्या अळ्या डब्यात भरल्या आणि भिंतीवरून हात घालून एकेक त्यांच्या कुंपणावर सोडली. सत्तावीस. त्या सकाळचा चहा फार चवीने प्यायले. तीन-चार दिवसांत कुंपणाच्या नुसत्या काड्या दिसायला लागल्या. मी गच्चीवरून बघायची आणि, खरं सांगते, मला सुख वाटायचं.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात साहेब. हातात वर्तमानपत्र, त्यावर काळ्या पडलेल्या अळ्या. "आप तो जानकार हैं, भाभीजी. ये कौन सा कीड़ा है?"

ते पुन्हा पंपवाल्याला बोलावणार, एवढी साधी गोष्ट रागाच्या भरात माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी कागदावरच्या अळ्या मोजत राहिले. मोजता मोजता डोळे भरून आले.

"सब मर गए?" मी विचारलं.

मला त्यांच्या कुंपणाचं वाईट वाटतंय, असं त्यांना वाटलं. "सब, भाभीजी," ते माझी समजूत घालत म्हणाले. "एक भी नहीं बचा. अब आप चिंता मत कीजिए."

मी त्यांना थँक्यू म्हणाले.