बाबांच्या हातून मी तुकडा काढून घेतला

मंडळी, आज माझं चुकलं.

नाताळच्या सुट्टीत सावनेरहून बाबा आमच्याकडे नंदनवनला आलेत. दुपारी लेकीसोबत आम्ही लाकडी जिगसॉ पझल जोडत बसलो. बाबा एकेक तुकडा फिरवून सावकाश बघत होते. मला धीर निघेना. "बाबा, द्या इकडे," म्हणत मी तुकडा घ्यायचे आणि पटकन बसवायचे. असं तीनदा झालं.

"जोडा तुम्ही. मले बारीक दिसून नाही राहिलं," म्हणत ते उठले.

लेक म्हणाली, "आई, आजोबांना दिसत होतं. तू थांबलीच नाहीस."

मी बोलवायला गेले, तर "राहू दे वं," म्हणून हसले. पझल पूर्ण झालं, पण फोटो काढावासा वाटला नाही.

घरातल्या म्हाताऱ्यांच्या हातून तुम्हीही असंच काढून घेता का?