आत्याचा हात

माझ्या आत्याच्या हातांबद्दल आज कुणी गोड लिहू नये.

सकाळपासून फॅमिली ग्रुप बघतोय. "मायेचा हात गेला." "देवमाणूस." हात जोडलेले इमोजी ढिगाने.
याच घराने त्या हातांना गोठ्यातून हाकललं होतं.

साठच्या दशकातलं आमचं माले गाव. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी आत्याला माहेरी आणून सोडलेलं. गोठ्याचं सगळं तीच बघायची.
आमच्या कपिला गाईचा गाभ टिकत नव्हता. आजोबांनी पौडहून एक जण बोलावला, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा. सायकलवर यायचा, गाभण कपिलेला हार्मोनची इंजेक्शनं टोचून जायचा.

गाभ टिकला. कालवड झाली, देखणी.
पण मोठी झाली तरी माजावर येईना. उलट बैलासारखी डुरकायची, दुसऱ्या गाईंवर चढायची.

वसुबारसेला बायका गाय-वासराच्या पूजेला जमल्या. आत्या ताट घेऊन पुढे झाली.
आजोबा, म्हणजे तिचा सख्खा बाप, सगळ्यांदेखत म्हणाले, "तू हात लावू नगंस. तुज्याच हातानं कालवड वांज ऱ्हायली."

त्या दिवसापासून आत्याला गोठा बंद झाला. इंजेक्शनवाल्याला मात्र नंतरही आमच्या ओट्यावर चहा मिळत राहिला.

मी पुढे व्हेटर्नरीला गेलो. तिथे शिकलो, गाभण जनावराला तसली हार्मोन्स दिली तर पोटातल्या मादीवर परिणाम होऊ शकतो. मोठेपणी ती माजावर येत नाही, नरासारखी वागते.
सुट्टीत घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.
वडील म्हणाले, "आता कशाला उकरतूयास? झालं ते झालं."

कुणाचं झालं, अण्णा?

आत्या चुलीपाशी होती. नंतर मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, "म्हंजे माजा हात न्हवता?"
"नव्हता, आत्या. औषध होतं."
"नक्की?"

तिलाही ते खरं वाटत आलं होतं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

माझी मुलगी झाली तेव्हा आत्या बघायला आली. दारातच उभी, दोन्ही हात पदराखाली.
"घे की तिला," मी म्हटलं.
"नगं. हितनंच बघते."

शेवटपर्यंत तिने घरातलं एकही तान्हं बाळ उचललं नाही. आणि म्हणे मायेचा हात.

आत्या, तुझ्या हातात काही दोष नव्हता. हे सगळ्यांसमोर लिहायला मी तू जाईपर्यंत थांबायला नको होतं.
जा आता, सुखाने जा.