सिरोंचाच्या वाटेवर सिमेंटात घालायची पावडर घेऊन

पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं मला जमत नाही. आमच्या प्रयोगशाळेतली पॉलिमर पावडर पहिल्यांदाच खऱ्या विहिरीत जाणार म्हटल्यावर मी बॅग भरली आणि निघाले.

बल्लारपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. आष्टी ते आलापल्ली लोहखनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात जावं लागतं; रुमाल हवाच. आलापल्लीच्या खानावळीत भात, वरण, अंबाडीची भाजी झकास मिळाली. तिथून सिरोंचाच्या रस्त्याला साइटची जीप घ्यायला आली.

वायू शोधायला तिथे खोल विहीर खणतायत. लोखंडी पाइप आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटच्या पातळ लगद्यानं भरतात. खालच्या उष्णतेनं तो आणखी पातळ होतो, सिमेंट तळाशी बसतं, पाणी वर येतं आणि फट उरते. मग खोलातलं खारं पाणी त्या वाटेनं वर चढू शकतं. लगद्यात मिसळलेली आमची पावडर सिमेंटला खाली बसू देत नाही.

फाटकाशी हंडा घेतलेल्या एका बाईंनी मला अडवलं. "बाई, या विहिरीनं आमच्या बोरिंगचं पाणी खारं होईन का?"

"छे हो मावशी, नाही होणार," मी म्हणाले आणि आत गेले.

आत कळलं, नदीचं पाणी आणणारा टँकर बिघडलाय, म्हणून लगदा कालवायच्या टाकीत बोअरचं जड पाणी भरलंय. माझ्या चाचण्या सगळ्या नदीच्या पाण्यावरच्या!

सुपरवायझर भाऊ हसले. "मॅडम, पाणी तं पाणीच असते. काऊन एवढं टेन्शन घेऊन राह्यल्या?"

माझं डोकंच फिरलं. तिथेच त्या पाण्यात लगदा कालवला, यंत्रात तापवला, उभ्या नळीत ओतला. बघता बघता वर स्वच्छ पाणी जमलं. जड पाण्यातल्या क्षारांनी पावडर निकामी केली होती.

"काम थांबवा," मी म्हणाले. भाऊंनी नळी हलवून पाहिली. हसू गेलं होतं. "मले वाटलं नाई असं होईन. दुसरा टँकर बोलावतो."

नदीचं पाणी आलं, लगदा एकजीव राहिला, सिमेंट विहिरीत उतरलं. तरी परतीच्या एसटीत मला झोप नाही.

पुण्यात विहिरीच्या तपासणीचा निकाल आला: सिमेंटनं खालपासून वरपर्यंत पक्कं धरलंय. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ला. पण जीव स्वस्थ नाही. माझ्या चाचण्या फार तर काही आठवड्यांच्या, आणि त्या बाईंना पाणी जन्मभर भरायचंय. 'नाही होणार' म्हणताना मी साधी थांबलेसुद्धा नव्हते.