एक घंटी, हात वर

आमच्या घरात बंदूक नाही, कधी नव्हती, आणि तरीही यंदा एप्रिलमध्ये पंधरा दिवस आमच्या घरातल्या सगळ्यांचे हात वर होते.

दोष माझा. मी नेरला राहतो, एसटीत कंडक्टर आहे, आणि अठरा वर्षं लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" सांगून सांगून मला न विचारता शिकवायची खोड लागली आहे. त्यात माझी मोठी मुलगी समीक्षा, वय वर्षं बारा, शाळेतून एक कागद घेऊन आली. लोहाऱ्याला, म्हणजे यवतमाळला लागूनच, एअर रायफलचं एक दिवसाचं शिबिर. शिकवणार कोण, तर पोलिसातून निवृत्त झालेल्या उईके मॅडम. आधी ओळख, मग प्रत्येकाला पाच छर्रे, आणि बारा मुलांतून आठ जणांना वर्षभर फुकट शिकवणार.

"बाबा, मले जायचं हाय," समीक्षा म्हणाली.

आता ही पोरगी कधी काही मागत नाही. चपलेचा अंगठा तुटला तर पिन लावून आठ दिवस चालवते, पण सांगत नाही. तिनं तोंड उघडून मागितलं म्हणजे ते तिला भयंकर हवं होतं. मी तिथल्या तिथे छाती काढली.

"जाऊ ना! अवं, तुहा बाप एनसीसीत होता! पाचपैकी पाच निशाने!"

(हे अगदी खरं आहे. कॉलेजात असताना मी पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही लागल्या. त्या शेजारच्या पोराच्या कागदावर लागल्या, हे सांगायची वेळ इतक्या वर्षांत आली नाही, एवढंच. त्याच्या कागदावर दहा भोकं निघाली आणि मास्तरांनी त्याची पाठ थोपटली!)

"तुमी कायले शिकवता? तिथं मॅडम हायत ना," सविता म्हणाली. सविता म्हणजे माझी बायको. माझ्या एनसीसीबद्दल तिला लग्नापासून शंका आहे.

"मॅडम निशाना शिकवतीन. शिस्त घरून गेली पायजे!"

झालं. आवारात जळणाला तुराट्या रचलेल्या होत्या. तुरीचं वाळलेलं खोड हाताला हलकं, दिसायला सरळ. त्यातल्या दोन निवडल्या. एक समीक्षाला, एक धाकटीला. धाकटी राणी आठ वर्षांची. शिबिरात तिचं वय बसत नव्हतं, पण तिला तुराटी दिली नसती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. दोघींना तुळशीजवळ उभं केलं आणि मी गाडीत देतो त्या आवाजात सुरू केलं.

"पहिली गोष्ट! रायफल भरलेलीच हाय, असंच समजायचं. रिकामी दिसली तरी भरलेली! दुसरी, नळी फक्त निशान्याकडं. मानसाकडं नाही, म्हशीकडं नाही, आजीकडं तर नाहीच नाही! तिसरी, बोट ट्रिगरच्या बाहेर."

"बाबा, तुराटी कशी भरलेली राहीन?" राणी.

"राह्यते! समजायची!"

"मंग रिकामी कधी समजायची?"

"कधीच नाही!"

चौथा नियम मात्र माझ्या खात्यातला. गाडीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंटी म्हणजे चला. तेच मी इथे लावलं. एक घंटी वाजली की हातात जे असेल ते खाली ठेवायचं आणि हात वर करायचे. कोणी 'का' म्हणून विचारायचं नाही. दोन घंटी झाल्याशिवाय उचलायचं नाही. घंटी नसली तर तोंडानं ओरडायचं. हा नियम मला इतका आवडला की मी तो दिवसातून वीस वेळा घेतला.

पोरी हुशार. तीन दिवसांत सगळं पाठ झालं. चौथ्या दिवसापासून त्या अंमलबजावणीला लागल्या, आणि तिथून आमचे वाईट दिवस सुरू झाले.

माझी आई पोळ्या लाटत होती. लाटता लाटता तिनं लाटण्यानंच सविताला दाखवलं, "तो पिठाचा डबा दे वो." राणी ताडकन मध्ये उभी.

"आजी! नळी खाली!"

"कोनती नळी वो माय?"

"लाटनं! मानसाकडं धरलं तू!"

"अवं, हे लाटनं हाय, पोट्टे!"

"भरलेलंच समजायचं!"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपली पोळी घेऊन अंगणात गेलो. तर अंगणात समीक्षानं शेजारच्या बबन काकाला अडवलेलं! काका फवारणीचा पंप पाठीवर घेऊन शेतात निघाले होते, आणि पंपाची नळी खांद्यावरून थेट आमच्या खिडकीत पाहत होती.

"काका, नळी जमिनीकडं करा."

"अवं पोरी, टाकीत थेंब नाही. वावरात जाऊन भरतो."

"तरी."

त्या पोरीचा 'तरी' असा होता, की साठ वर्षांच्या माणसानं निमूटपणे नळी खाली केली, आणि दुसऱ्या दिवशी काका आमच्या घरापुरता वळसा घालून गेले.

कहर झाला सांजेला. आई देवापुढे बसली, दिवा लावला आणि सवयीनं घंटी वाजवली. टण्! समीक्षानं हातातली वही टाकली, हात वर. राणीनं दुधाचा ग्लास जिथे होता तिथे, म्हणजे हवेतच, सोडला, हात वर! बोळा घेऊन पुसायला आलेल्या सविताचेही हात आपोआप वर गेले. (ते मी पाहिलं. ती आजही कबूल करत नाही.) आणि आई तर पूजेच्या भरात एकेकच टोला देत होती, त्यामुळे दोन घंटी काही होईनात. आरती संपेस्तोवर माझं घर हात वर करून उभं! आईला वाटलं, पोरींना भक्ती आली.

असे पंधरा दिवस काढून आम्ही लोहाऱ्याला पोचलो. माझी सुट्टी, आमच्याच डेपोची गाडी, पोरींना खिडकी. उतरताना समीक्षा म्हणाली, "बाबा, नंबर लागीन ना माहा?" मी म्हटलं, "तुहा नाही लागीन तं कोनाचा लागीन?"

कारखान्यांच्या मागे एक लांब शेड. चार टेबलं, चार रायफली, दहा मीटरवर कागदाचे निशाणे, आणि पालकांसाठी पिवळ्या पट्टीच्या मागे बाकडी. उईके मॅडम बुटक्याशा, केस पिकलेले, आवाज मात्र असा की बाकड्यावर बसलेला माणूस सरळ होऊन बसतो. त्यांनी मुलांना विचारलं, "रायफल हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय?"

बाकीची मुलं म्हणाली, "नेम!" समीक्षा म्हणाली, "भरलेली हाय असं समजायचं."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मी शेजारच्या पालकाला कोपर मारलं. "माही पोरगी! घरी तयारी करून घेतली. मी एनसीसीचा!"

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर ही गोष्टच घडली नसती. पण पाचपैकी पाचची बढाई मी मॅडमच्या कानावरही घातली. त्यांचं म्हणणं असं, की पालकांनाही ही वस्तू एकदा कळली पाहिजे, म्हणजे घरी उगाच भीतीही नको आणि फुशारकीही नको. त्यामुळे, बारांतला एक जण आलाच नाही म्हणून शेवटच्या फेरीत तीनच मुलं उरली आणि चौथं टेबल मोकळं राहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "या, तुम्ही उभे राहा. मुलांचं झालं की तुम्हाला दाखवते. मी सांगेपर्यंत हात लावू नका."

तिसऱ्या टेबलाशी समीक्षा. चौथ्याशी मी. पाच मिनिटांत पाच छर्रे. तिचा पहिला काळ्या गोलात. दुसरा काळ्यात. तिसरा, चौथा, सगळे काळ्यात! काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गाडीत उभं राहून राहून सुजलेल्या पायांचं चीज झालं असं वाटलं. चपलेला पिन लावणारी माझी पोरगी, आणि असा निशाणा! एकच छर्रा राहिला होता.

तेवढ्यात मागून सविता मोबाईल काढून म्हणाली, "इकडं पाहा, फोटो काढते."

मी वळलो. आणि माझ्या हातांनी घात केला. रोज सकाळी तिकिटाचं मशीन हातात आलं की मी ते आधी कपाळाला लावतो. आमच्या घरात नवी वही, नवा विळा, सगळं आधी कपाळाला लागतं, मग कामाला. नवीन मिक्सरसुद्धा मी कपाळाला लावला होता, तीन भांड्यांसकट. मग साक्षात रायफल, पोरीचा पहिला दिवस, मन असं भरून आलेलं! मला हात लावू नका सांगितलं होतं, हे मला आठवलंसुद्धा नाही. मी दोन्ही हातांवर रायफल आडवी घेतली, डोळे मिटले, आणि भक्तिभावानं कपाळाला लावली.

आडवी! म्हणजे दस्ता एकीकडे, आणि नळी सरळ समीक्षाच्या कानाकडे.

"एक घंटी!"

आवाज समीक्षाचा. असा आवाज तिच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. अठरा वर्षं मी घंटी देतो आणि ड्रायव्हर थांबतो. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या घंटीवर मी थांबलो. डोळे उघडले, तर समीक्षाची रायफल टेबलावर, नळी निशाण्याकडे, आणि पोरगी खाली वाकून हात वर. मागे राणीचे हात वर. सविताचाही एक हात वर. (दुसऱ्यात मोबाईल होता.) मॅडम दोन ढांगांत आल्या, नळी निशाण्याकडे वळवली आणि रायफल माझ्या हातातून काढून घेतली. उघडून पाहिली. रिकामी होती.

"रिकामी होती," मी म्हणालो.

"भरलेलीच समजायची," बाकड्यावरून राणी म्हणाली.

मॅडमनी फेरी तिथेच थांबवली. बाजूच्या दोघांचे पाच-पाच झाले होते. समीक्षाचे चार. मी पिवळ्या पट्टीमागे उभा राहून हात जोडले. "मॅडम, चूक माही हाय. माह्या पोरीले तिचा पाचवा छर्रा मारू द्या. मले बाहीर काढा, पन तिले मारू द्या!"

"फेरी संपली," मॅडम म्हणाल्या.

समीक्षा माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. ते फार वाईट. रडली असती तर मी समजूत घातली असती. नुसतं म्हणाली, "बाबा, एकच राह्यला होता ना." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पंधरा दिवस आजीपासून बबन काकापर्यंत सगळ्यांना आम्ही शिस्त लावली, आणि नंबर घालवला कोणी? तर शिस्त लावणाऱ्यानं!

अर्ध्या तासानं मॅडमनी यादी वाचली. सात नावं झाली. सगळ्यांचे पाच-पाच. मी सविताकडे पाहायचं टाळलं.

"आठवी, समीक्षा."

"मॅडम, तिचे तं चारच झाले!" एक पालक उठले. त्यांचंही बरोबर होतं.

"चारच झाले," मॅडम म्हणाल्या. "पाचवा हातात होता, नंबर समोर होता. तरी तिनं आधी रायफल खाली ठेवली आन् मंग बापाले थांबवलं. मी उभी होती, माह्या आधी थांबवलं! निशाना मी वर्षभरात कोनालेही शिकवीन. ही मले आजच पायजे."

ते पालक खाली बसले, आणि टाळी पहिली त्यांनीच वाजवली.

मॅडमनी समीक्षाला विचारलं, "हे घंटीचं कोनं शिकवलं तुले?"

"बाबानं."

"ह्यायनं?" मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "शिकवता चांगलं. फक्त सोता करत नका जाऊ."

आता दर शनिवारी मी समीक्षाला घेऊन जातो आणि पट्टीमागे हात मागे बांधून उभा राहतो. तिच्या पाठीकडे पाहताना छाती एवढी फुगते की शर्टाची बटणं सांभाळावी लागतात. सवितानं त्या दिवशी काढायचा तो फोटो काढलाच होता. मॅडमनी तो मागून घेतला आणि मोठा करून शेडच्या दारातच लावला. त्यात एका बाजूला समीक्षा, रायफल खाली, हात वर. तिच्यावर बाण काढून लिहिलंय, 'असे करावे'. दुसऱ्या बाजूला डोळे मिटून, कपाळाला रायफल लावून मी. माझ्यावरही बाण आहे. नवा पालक आला की मी स्वतः होऊन त्याला दारापाशी नेतो आणि बोट ठेवून सांगतो, "ही माही पोरगी!"

"वा! आन् हा बाजूचा येडा कोन हो?"

"काय मालूम बाप्पा," मी म्हणतो, "असंन कोनी पालक."